सिंहलद्वीप : यात्रा आणि पर्यटन

परंपरेनुसार महेंद्र स्थविर सिंहलद्वीपात मिहिंतलेच्या पर्वतावर उतरले आणि संघमित्रा थेरीने बोधिवृक्षाची शाखा अनुराधपुरास आणली. पालि वाङ्मयात हे बेट धम्माचे आश्रयस्थान म्हणूनच येते. आज मात्र अनुराधपूर, पोलोन्नरुव ही नावे श्रीलंकेच्या परकीय चलनाच्या हिशेबातही येतात. हे कसे घडले, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

परदेशी प्रवासी या बेटास नवे नाहीत. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्खू फाहियान दोन वर्षे अनुराधपुरास राहिला. अभयगिरी विहारात मायदेशाचा पांढरा रेशमी पंखा पाहून त्याचे डोळे भरून आले, असे तो लिहितो. जाताना त्याने नेले ते विनयाचे व सुत्तांचे ग्रंथ.

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेनिमित्त तेथे गेले, तेव्हा देशाची भिस्त चहा, रबर व नारळ यांवर होती. या पिकांचे भाव ठरत परक्या बाजारात. म्हणून चलनाचे दुसरे साधन शोधणे भाग पडले. १९६६ साली पर्यटन मंडळ स्थापन झाले. त्या वर्षी आलेले परदेशी प्रवासी सुमारे १९ हजार होते. १९८२ साली ते चार लाखांवर गेले. त्यांतील बहुसंख्य पश्चिम युरोपातून हिवाळ्यात बेंतोट, हिक्कडुव येथील समुद्रकिनाऱ्यांवर येत. स्तूप हे त्यांच्या सहलीतील एका दिवसाचे काम! त्याच १९८२ साली अनुराधपूर, पोलोन्नरुव व सीगिरिया यांची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली.

पुढच्याच वर्षी, जुलै १९८३ मध्ये, तमिळांची कत्तल झाली आणि यादवी युद्ध भडकले. १९८५ साली अनुराधपुरात बोधिवृक्षाच्या परिसरात यात्रेकरूंची हत्या झाली. १९९८ साली कँडीच्या दंतधातू मंदिरावर बाँबहल्ला झाला. १९८७ साली प्रवाशांची संख्या दोन लाखांच्याही खाली आली होती.

युद्ध २००९ साली संपले आणि हा उद्योग झपाट्याने वाढला. २०१८ साली २३ लाखांवर प्रवासी आले व सुमारे ४.४ अब्ज डॉलर मिळाले. परदेशस्थ कामगारांनी धाडलेला पैसा आणि तयार कपड्यांची निर्यात यांच्या खालोखाल हेच उत्पन्न होते. मग एप्रिल २०१९ मध्ये चर्च व हॉटेलांत स्फोट झाले, त्यापाठोपाठ महामारी आली. २०२१ साली दोन लाखही प्रवासी आले नाहीत. करकपात व कर्जाचा डोंगर होताच. त्यात हा ओघ आटला आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची फेड थांबविली. इंधन व गॅससाठी लोक दिवसदिवस रांगेत उभे राहिले. मळ्यांच्या परावलंबनातून सुटण्यासाठी धरलेली वाटही परक्याच्या मर्जीवर चालणारी निघाली, असे आम्हांस वाटते. २०२४ साली प्रवासी पुन्हा २० लाखांवर गेले. त्यांत सर्वाधिक भारतीय होते.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या जीवनाशी निगडित चार स्थानांना ‘दस्सनीय’ व ‘संवेजनीय’ अशी दोन विशेषणे आहेत. पर्यटनाने पहिले उचलले; दुसऱ्यास, म्हणजे अंतःकरण हलविणाऱ्या गुणास, त्याच्या जाहिरातीत जागा नाही. तथापि केवळ निंदा करणे अन्यायाचे होईल. परदेशी माणसाकडून घेतलेल्या प्रवेशशुल्काच्या आधारे १९८० च्या कायद्याने स्थापलेला केंद्रीय सांस्कृतिक निधी उत्खनन व जतनाचे काम करतो, आणि अभयगिरी, जेतवन येथील स्तूपांना त्याचा लाभ झालेला आहे.

पोसोन पौर्णिमेस देशातील लक्षावधी उपासक शुभ्र वस्त्रे नेसून अनुराधपूर व मिहिंतले येथे जमतात. वाटेवर ‘दन्सल’ मांडून लोक त्यांना मोफत जेवू घालतात. डॉलरच्या हिशेबात हे उपासक कोठेच नसतात; २०२१ साली हॉटेले ओस पडली ती परदेशी पाहुण्यांवाचून.