नमान मरिये

गोव्यातील आमचे ख्रिस्ती शेजारी 'नमान मरिये' म्हणून जी प्रार्थना करतात, तिच्यात मुळात मागणे नव्हतेच. केवळ अभिवादन होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूत गाब्रिएल मरियेस वंदन करतो आणि तिची आप्त एलिझाबेथ तिला धन्य म्हणते. ही दोन वचने भाविकांनी पुढे एकत्र गुंफली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'आनंदित हो'. लॅटिनने तेथे 'आवे' हा रोमनांचा नित्याचा नमस्कार योजिला, कोंकणीने आपले 'नमन'. आमच्या मते तिन्हींत कोंकणी शब्दच अधिक लीन आहे, कारण त्यात मस्तक लवते.

पाप्यांसाठी आज व मरणसमयी विनंती कर, ही याचना मागाहूनची. पंधराव्या शतकात ती निरनिराळ्या रूपांत आढळते. पाचव्या पायस पोपच्या १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात ती कायम झाली. वकिली भाषेत, मूळ दस्तास जोडलेली ही पुरवणी! त्याच्या आदल्याच वर्षी, १५६७ मध्ये, साष्टीतील आमची देवळे पाडली गेली होती, हे आम्ही विसरू शकत नाही. तरीही देवापुढे आधी स्तुती, मग गाऱ्हाणे, हा क्रम आमच्या देवळांनाही अपरिचित नाही.