घड्याळ बदलले, प्रोग्रॅम तेच

युनिक्स पद्धतीचे संगणक १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजून वेळ ठरवतात. या आकड्यासाठी पूर्वी ३२ बिटांची जागा असे; त्यातला एक बिट धन-ऋण चिन्हाचा. ही जागा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की भरेल. पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ साल दाखवील. मग आपण जागा ६४ बिटांची का करू नये?

अडचण अशी, की कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, बदलला तरी त्यावरचे प्रोग्रॅम आधीच यंत्रभाषेत तयार झालेले असतात. वेळ विचारणारा ३२-बिट प्रोग्रॅम उत्तरासाठी ८ बाइट मोकळे ठेवतो. चार सेकंदांसाठी, चार नॅनोसेकंदांसाठी. कर्नलने तेथे १६ बाइट लिहिले, तर शेजारची माहिती पुसली जाईल. बदल केला कर्नलने, कोसळणार मात्र बिचारा प्रोग्रॅम!

ओपनबीएसडीने २०१४ मध्ये जागा सरळ वाढवली. सगळे प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करावे लागले. लिनक्सवर चालणाऱ्या कित्येक प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कोणाच्या हाताशीही नसतो, त्यामुळे तेथे हा धीटपणा परवडणारा नव्हता. इंटेलच्या ३२-बिट संगणकांवर वेळ विचारण्याचा २६५ क्रमांकाचा सिस्टिम कॉल तसाच ठेवून २०१९ मध्ये ४०३ क्रमांकाचा नवा कॉल जोडला गेला. जुना प्रोग्रॅम जुन्याच दाराशी येतो आणि ८ बाइटच घेऊन जातो. २०३८ चे संकट मात्र त्याच्यापुरते टळलेले नाही. नव्या दारातून यायचे, तर त्यालाही पुन्हा कंपाइल करावे लागेल.