काळ्या तेलाची साक्ष

शितावरून भाताची परीक्षा करणें हा मराठी घरांतील जुना रिवाज. भांडें पालथें न करतां आंतील भात शिजला कीं नाहीं, हें एका शितानें कळतें. मोटारीचें इंजिन न उघडतां त्याच्या आंत काय चाललें आहे हें ओळखण्याचा जो मार्ग विसाव्या शतकांत निघाला, त्याचें तत्त्व हेंच. फरक इतकाच कीं, येथें शिताच्या जागीं निरुपयोगी म्हणून ओतून टाकावयाचें काळें तेल असतें.

इंजिनांत धातूवर धातू फिरते. मध्यें तेलाचा थर असला तरी झीज पुरती थांबत नाहीं आणि झिजलेले कण तेलांतच उतरतात. सिलिंडर व साखळी यांचें लोखंड, पिस्टनचें ॲल्युमिनियम, बेअरिंगांतील तांबें व शिसें, हवेबरोबर शिरलेल्या धुळींतील सिलिकॉन, हीं सर्व तेथें एकत्र येतात. डोळ्यांना तीं दिसत नाहींत. परंतु १८५९-६० च्या सुमारास हायडेलबर्ग येथें बुन्सेन व किर्खॉफ यांनीं दाखवून दिलें होतें कीं, तापून प्रकाशूं लागलेलें प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटांत आपल्या ठराविक रेषा उमटवितें. तेल विजेच्या ठिणगींत जाळावें, रेषा मोजाव्या, म्हणजे दहा लाख भागांत लोखंड किती व तांबें किती, हें आंकड्यांत सांगतां येतें.

ह्या ज्ञानाची इंजिनाशीं गांठ घातली ती रेल्वेनें. अमेरिकेंतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न ह्या रेल्वेच्या प्रयोगशाळेंत १९४६ सालीं डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलाची अशी तपासणी होऊं लागली. रॉकी पर्वताच्या चढणीवर इंजिन बंद पडलें तर सारी वाहतूकच खोळंबणार. तेव्हां बेअरिंग जाण्यापूर्वीं वर्दी मिळणें मोलाचें होतें. १९५५ मध्यें अमेरिकन नौदलानें विमानांसाठीं हाच मार्ग अभ्यासास घेतला. तेथें प्रश्न खोळंब्याचा नव्हता. वैमानिकाच्या प्राणाचा होता.

मात्र ह्या साक्षीलाही मर्यादा आहेत. मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाहून मोठा कण ठिणगींत पुरता जळत नाहीं, म्हणून त्याची गणती होत नाहीं. आणि मोठ्या मोडतोडीच्या आधीं सुटतात ते बहुधा मोठेच कण. १९७० नंतर व्हर्नन वेस्टकॉट यांनीं लोहचुंबकाच्या साहाय्यानें असे कण कांचेच्या पट्टीवर ओढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत पुढें आणली, तेव्हां ही उणीव बरीच भरून निघाली.

मोटारगाडीच्या बाबतींत ह्या परीक्षेचें महत्त्व वाढलें तें नव्या धर्तीच्या इंजिनांमुळें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूनें चक्र फिरवून आंत अधिक हवा कोंबण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटांत आहे. पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारण्याची युक्ति १९५४ च्या मर्सिडीज ३०० एस्‌एल् गाडींत होती. पण ह्या गाडींत इंजिन बंद करतांना पंप थांबेपर्यंत पेट्रोल येतच राही. तें सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढी व खालच्या तेलांत मिसळे. पुढें पन्नास वर्षांनीं, २००४ मध्यें, ऑडीच्या टीएफएसआय इंजिनांत ह्या दोन युक्त्या एकत्र आल्या. मग इतरांनींही तीच वाट धरली आणि लहान इंजिनांतून मोठी शक्ति निघूं लागली.

त्याबरोबर जुनें दुखणेंही परतलें. थंड इंजिनावर जवळच्या फेऱ्या केल्या कीं न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें. नीट न मिसळलेल्या पेट्रोलाची काजळी साखळीच्या सांध्यांना कानशीसारखी घासते. त्यांत पुन्हां पेट्रोलानें तेल पातळ होतें आणि काजळीनें दाट. म्हणून केवळ दाटपणा मोजणारा परीक्षक फसतो.

याहून विलक्षण प्रकार पुढेंच होता. कमी वेगावर मोठा भार घेतांना ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटून पिस्टन फुटूं लागले. शोधाअंतीं ह्या अकालीं पेटीचें एक कारण तेलांतच सांपडलें. तें म्हणजे इंजिन स्वच्छ राखण्यासाठीं तेलांत घातलेलीं कॅल्शियमचीं द्रव्यें. साक्षीदारच आरोपी निघाला! २०१८ च्या एपीआय एस्‌एन् प्लस व २०२० च्या जीएफ-६ ह्या मानकांत ह्या दोषाची चाचणी आली. जीएफ-६ मध्यें साखळीच्या झिजेचीही आली. अनेक तेलांत कॅल्शियमचा कांहीं भाग काढून त्याजागीं मॅग्नेशियम घालण्यांत आलें.

असा घाव एका क्षणांत पडतो. त्याची वर्दी आदल्या महिन्याच्या तेलांत असेलच असें नाहीं. काळें तेल सांगतें तें झिजेविषयीं, आघाताविषयीं नव्हे. आणि झीज तरी एका अहवालावरून कळत नाहीं. लोखंडाचा एकच आंकडा पाहून निश्चिंत होणारा मालक चुकतो, तसाच घाबरून इंजिन खोलविणाराही चुकतो. तेल किती किलोमीटर चाललें, मागील खेपेस आंकडा काय होता, हें जुळवून पाहिलें म्हणजेच त्याचा अर्थ लागतो. भाताला एक शीत पुरतें. इंजिनाला मात्र शितामागून शीत तपासावें लागतें.