आजीच्या गळ्यातले पंचम जॉर्ज

मार्कंड्याला वैनगंगा वळसा घेऊन उत्तरेकडे वाहू लागते, आणि महाशिवरात्रीला सारा मुलूख तिच्या काठी लोटतो. जत्रेला आलेले शहाणे लोक देवळांवरची शिल्पं बघतात. आमची आजी बायकांचे गळे बघायची. कुणाची पोत जाड झाली, कुणाची एकाएकी बारीक झाली, यावरून त्या घरचं धान कसं पिकलं ते तिला कळे. तिच्या स्वतःच्या गळ्यात मात्र मुकुटासह पंचम जॉर्ज बसलेले असत. वडिलांनी लग्नात दिलेलं ते सोन्याचं नाणं. ती त्याला 'गिनी' म्हणायची.

खरं म्हणजे ती गिनी नव्हे. नाण्यावर '१५ रुपये, १९१८' असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याची हकीकत अशी : पहिलं महायुद्ध पेटलेलं, चांदी महागलेली आणि आपला रुपया चांदीचा. सरकारनं ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढून पाहिली. पण कागदावर विश्वास ठेवायचा तो सातबाराच्या, हा आपला खाक्या! लोक नोटा घेऊन चांदी मागायला उभे. शेवटी सरकारनं अमेरिकेतून चांदी आणवली, आणि मुंबईच्या टांकसाळीत सुमारे २१ लाख सोन्याची नाणी पाडली. विलायती सॉव्हरिनइतकंच वजन, ७.९८८ ग्रॅम, कसही तोच, २२ कॅरटचा. मागोमाग खुद्द सॉव्हरिनही मुंबईत पाडले, सुमारे १३ लाख. १९१९ साली तो कारखाना आटोपला.

ही नाणी बाजारात फिरतील, अशी साहेबाची समजूत. सोनं आणि फिरणार? ते सोनाराकडे गेलं, तिथून गळ्यात गेलं, आणि विषय संपला. १९२० साली कायदा करून सरकारनं सॉव्हरिनचा भाव पंधरावरून दहा रुपयांवर आणला. बाजारात सोनं त्याहून महाग. आमच्या सोनारानं तो कायदा वाचला नसावा.

हे नाणं एकाच सालचं, म्हणून संग्राहक त्याच्या शोधात असतात. नागपुरातल्या अशाच एका गृहस्थांना मी ते दाखवलं. भिंगातून बघता बघता त्यांचा चेहरा उजळला, आणि वरच्या कडीपाशी येऊन विझला.

"भाऊ, याले कडी कायले लावली?"

"गळ्यात घालायला."

"कडी काढली तरी डागाची खूण राह्यते. आता हे सोन्याच्या भावानंच जाईन. कडी नसती तर गोष्टच वेगळी होती."

वर त्यांनी बजावलं की नाण्याला शंभर वर्षं उलटली, तेव्हा ही पुरावस्तू. परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे जॉर्जसाहेबांना आता घरी जायचीही सोय उरली नाही.

कडी नसती तर! पण कडी होती म्हणून तर ते आमच्या घरी टिकलं. बियाण्यासाठी एकदा आणि वडिलांच्या मॅट्रिकच्या फीसाठी एकदा, असे सम्राट दोनदा सावकाराच्या पेटीत राहून आले. दोन्ही वेळा आजीनं त्यांना सोडवून आणलं. त्या मोकळ्या कडीत नुसता दोरा ओवून जत्रेत जाणं तिला जमणारं नव्हतं.

संग्राहकांना ओरखडा नसलेलं नाणं लागतं. असेल बुवा. ते ज्या घरात होतं, तिथं कधी धान बुडालं नसेल.