कॉमन पिएरो (कॅस्टालियस रोझिमॉन)

लायसिनिडी कुलातील चिमुकले फुलपाखरू. फॅब्रिशियसने 1775 मध्ये त्याचे वर्णन केले. याच कुलातील तांबूस ‘स्मॉल कॉपर’ भारतात हिमालयात आढळते, वरठीसारख्या (जि. भंडारा) विदर्भाच्या मैदानी मुलखात बोरीभोवती शोधावे ते मात्र हे देखणे पाखरू. प्रसार भारत, श्रीलंका ते इंडोनेशिया. पंखविस्तार सु. 3 सेंमी.; पांढऱ्या पंखांवर ठसठशीत काळे ठिपके, मुळाशी निळसर चमक, मागील पंखाला नाजूक शेपटी. मादी बोरीवर एकेकटे अंडे घालते. अळी पानासारखीच हिरवी, पाठीवर पिवळ्या रेषा. ती सहसा नजरेस पडत नाही, भोवतीच्या मुंग्यांवरून ओळखावी लागते. मुंग्यांना तिचा गोड स्राव मिळतो, तिला त्यांचे संरक्षण. बांधावरच्या बोरी तुटल्या, की अळीचे अन्नच जाते. प्रौढ फुलपाखरू उन्हात जमिनीलगत उडते आणि ओल्या मातीतून क्षार शोषते.