लोणावळा ते ताम्हिणी: धबधब्यांचा रस्ता आणि अचानक चढणारं पाणी

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाकडे जाताना वाहनांची लांब रांग लागते. बहुतेक पर्यटक भुशी आणि फार तर लायन्स पॉइंट पाहून मागे फिरतात. हाच रस्ता पुढे मावळ तालुका ओलांडून मुळशीत शिरतो आणि ५० ते ५५ किलोमीटरवर ताम्हिणी घाटाच्या परिसरात पोहोचतो.

रस्ता कसा जातो?

लायन्स पॉइंटनंतर पेठ शहापूर लागतं. इथे कोरीगड किल्ला आहे. पुढे आंबवणे, सालतर, मग तैलबैलाच्या जुळ्या कातळभिंतींकडे जाणारा फाटा आणि घनगडाजवळचं भांबुर्डे. पिंपरी गावाजवळ कुंडलिकेची खोल दरी दिसते. अंधारबनची वाट इथूनच सुरू होते. शेवटी हा रस्ता पुणे-माणगाव मार्गाला मिळतो. वाटेत पेट्रोल पंप आणि मोबाइलची रेंज दोन्हींचा भरवसा नाही, त्यामुळे टाकी लोणावळ्यातच भरून घेतलेली बरी.

ताम्हिणी अभयारण्य

ताम्हिणीचं जंगल २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ५० चौरस किलोमीटर आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा ही इथली झाडं. शेकरू, भेकर, सांबर आणि बिबट्या हे इथले रहिवासी. ताम्हिणी गावातल्या विंझाई देवीच्या देवराईसारखी राखलेली रानंही या भागात आहेत.

याच परिसरात प्लस व्हॅली आहे. दोन दऱ्या अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींना छेदतात, म्हणून हे नाव. रस्त्यावरून न दिसणारे धबधबे आणि डोह या दरीत आहेत. इथलं पाणी पुढे रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याकडे उतरतं.

पाणी अचानक का वाढतं?

अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली.

इथला खडक काळा बेसाल्ट आहे. वर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी मुरायला वाव नसतो. माथ्यावर सर कोसळली की काही मिनिटांत ओढा फुगतो. दरीत उभ्या असलेल्या माणसाला वरचा पाऊस दिसतही नाही. त्याच्या डोक्यावर कदाचित ऊन असतं.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात नेमकं हेच घडलं. प्रवाहाच्या मध्यभागी उभं असलेलं एक कुटुंब पाणी वाढल्यामुळे अडकलं आणि पाच जण वाहून गेले. काही वेळापूर्वी ते तिथवर चालतच गेले होते.

कोणत्या खुणा ओळखाव्यात?

- स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागणं
- पालापाचोळा, काटक्या वाहत येणं
- पाण्याचा आवाज वाढणं
- मघाशी कोरडा असलेला दगड बुडणं

यातली एक खूण दिसली तरी प्रवाहाबाहेर पडून उंच जागी जावं. सामान आणायला मागे वळू नये. ओढा ओलांडून पलीकडे गेला असाल आणि पाणी चढलं, तर ते ओसरेपर्यंत पलीकडेच थांबावं. गुडघाभर पाण्याचा वेगही माणसाचा पाय उचलतो. डोहात उडी मारणं तर टाळायलाच हवं, कारण गढूळ पाण्याखालचे खडक दिसत नाहीत.

निघण्यापूर्वी

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धोकादायक ठिकाणांसाठी बंदीचे आदेश काढतं. ठिकाणं आणि वेळा बदलत असतात, म्हणून ताजा आदेश पाहावा. अभयारण्यातल्या वाटांसाठी वन विभागाची परवानगी घ्यावी. हवामान विभागाने पुणे घाटमाथ्याला रेड किंवा ऑरेंज अलर्ट दिला असेल, तर सहल पुढे ढकलावी. पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरअखेरीस धबधबे वाहतेच असतात, धुकं कमी होतं आणि माळावर रानफुलं फुललेली असतात.