प्रेषितांचा मृत्यू आणि कुराणवचनांची एकवाक्यता



धर्मग्रंथातील दोन वचने परस्परविरुद्ध दिसली म्हणजे टीकाकाराला आनंद होतो आणि श्रद्धावंताला संकोच वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिसराच प्रश्न विचारावा लागतो. ज्यांनी ही वचने प्रथम ऐकली, त्यांना हा विरोध जाणवला होता काय, आणि जाणवला असल्यास त्यांनी त्याची वाट कशी लावली? कुराणात प्रेषितांच्या मृत्यूविषयी जी वचने आहेत, त्यांच्यापुरता या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

इ. स. ६३२ च्या जून महिन्यात महंमद पैगंबर मदीनेत निवर्तले. बातमी पसरताच उमर, जे पुढे दुसरे खलिफा झाले, मशिदीत उभे राहून निक्षून सांगू लागले की, पैगंबर निवर्तलेले नाहीत. मूसा चाळीस रात्री आपल्या लोकांपासून दूर राहून परत आले, तसेच हेही परत येतील! इतक्यात सुन्ह या उपनगरातून अबू बकर आले. त्यांनी आत जाऊन मृत मुखावरचे वस्त्र दूर केले, चुंबन घेतले आणि बाहेर येऊन लोकांना सांगितले की, जो महंमदांची उपासना करीत असेल त्याने महंमद निवर्तले हे जाणावे. जो ईश्वराची करीत असेल त्याने ईश्वराला मरण नाही हे जाणावे. मग त्यांनी तिसऱ्या सूरेतील १४४ वी आयत म्हटली. तिचा आशय असा : महंमद हे केवळ एक प्रेषित आहेत, त्यांच्यापूर्वीही प्रेषित होऊन गेले, ते निवर्तले किंवा मारले गेले तर तुम्ही आल्या पावली मागे फिरणार काय? हे ऐकताच उमर यांच्या पायांतले बळ गेले आणि ते जमिनीवर कोसळले. ही आयत जणू आपण आजच ऐकतो आहोत, असे लोकांना वाटले.

वास्तविक ती आयत जुनी होती. परंपरेनुसार तिचा संबंध इ. स. ६२५ मधील उहुदच्या लढाईशी आहे. त्या दिवशी निशाणधारी मुसअब पडले आणि पैगंबरच मारले गेले अशी आवई उठली. पैगंबर जखमी झाले होते, पण जिवंत होते. इब्न इसहाक या आद्य चरित्रकाराच्या वृत्तान्ताप्रमाणे, ही आवई ऐकून हातपाय गाळून बसलेल्या मंडळींत स्वतः उमरही होते. म्हणजे ज्या प्रसंगाने आयतीला अर्थ दिला, तो प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मग सात वर्षांनी ते ती विसरले कसे?

याचे उत्तर त्याच चरित्रग्रंथात आहे, आणि ते उमर यांनीच आपल्या खिलाफतीत इब्न अब्बास यांना सांगितले आहे. दुसऱ्या सूरेतील १४३ व्या आयतीत प्रेषित हे अनुयायांचे साक्षी होतील असे म्हटले आहे. त्यावरून उमर यांची अशी समजूत झाली होती की, समाजाच्या अखेरच्या कृत्याची साक्ष देण्यासाठी पैगंबर तोपर्यंत जगणारच. तेव्हा तो केवळ शोकाचा भ्रम नव्हता. एका वचनाचा अर्थ इतका ताणला गेला होता की दुसऱ्याला जागाच उरली नव्हती.

ही गाठ सोडविणारे वचन कुराणातच आहे. पाचव्या सूरेच्या ११७ व्या आयतीत ईसा म्हणतात की, मी त्यांच्यात होतो तोवर त्यांचा साक्षी होतो. तू मला उचलून घेतल्यावर त्यांच्यावर लक्ष ठेवणारा तूच होतास. साक्ष आहे, पण ती हयातीपुरती. ईसांच्या बाबतीत ‘उचलून घेणे’ म्हणजे मृत्यू की आणखी काही, हा भाष्यकारांचा मोठा वाद आहे. तो येथे सोडून देऊ. साक्षीची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. शिवाय एकविसाव्या सूरेची ३४ वी आयत सांगते की, पूर्वीच्या कोणाही मनुष्याला अमरत्व दिलेले नाही.

दुसरी गाठ याहून कठीण आहे. चाळिसाव्या सूरेच्या ५१ व्या आयतीत ईश्वर आपल्या प्रेषितांना या ऐहिक जीवनातही साह्य करील असे अभिवचन आहे. अठ्ठावन्नाव्या सूरेत तर तो आणि त्याचे प्रेषितच विजयी होतील असे सांगितले आहे. उलट दुसऱ्या, तिसऱ्या व पाचव्या सूरांत लोकांनी प्रेषितांना ठार मारल्याचा उल्लेख वारंवार येतो. काही विद्वानांनी तोडगा सुचविला : मारले गेले ते ‘नबी’, अभिवचन आहे ते ‘रसूलां’ना. तोडगा चतुर खरा, पण टिकत नाही. कारण दुसऱ्या सूरेतील ८७ व्या आणि पाचव्या सूरेतील ७० व्या आयतीत वधाच्या संदर्भात ‘रसूल’ हाच शब्द आहे.

इ. स. ९२३ मध्ये निवर्तलेल्या तबरींनी अधिक सरळ मार्ग घेतला. साह्य एकाच प्रकारचे नसते, असे ते म्हणतात. दाऊद आणि सुलेमान यांना हयातीतच सत्ता मिळाली. यह्यांसारख्या मारल्या गेलेल्यांच्या मारेकऱ्यांना मागाहून शासन झाले. दोन्हीही साह्यच. तिसऱ्या सूरेच्या १४६ व्या आयतीत तर पाठभेदच आहे : एका पाठाप्रमाणे अनेक प्रेषित ‘लढले’, दुसऱ्याप्रमाणे ‘मारले गेले’, आणि दोन्ही पाठ परंपरेने मान्य केले आहेत. प्रेषिताचा वध झाला म्हणजे त्याचे प्रेषितत्व खोटे ठरले, असे मानले असते तर दुसरा पाठ टिकलाच नसता.

आपल्याकडील मीमांसक ज्याला एकवाक्यता म्हणतात, ती हीच. एका वचनासाठी दुसऱ्याचा बळी द्यावयाचा नाही. प्रत्येकाचा प्रसंग, शब्द आणि मर्यादा पाहावयाची.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हता. पैगंबरांच्या पश्चात काही महिन्यांतच अनेक अरब टोळ्या मदीनेपासून फुटल्या. करार व्यक्तीशी होता, व्यक्ती गेली, करार संपला, असे त्यांच्यातील पुष्कळांचे गणित होते. ‘मागे फिरणार काय?’ हा प्रश्न आता प्रत्यक्षात उभा राहिला, आणि तो लढायांनी सुटण्यापूर्वी मशिदीच्या दारात एका आयतीने सोडविला होता. प्रेषित मर्त्य आहे हे ज्यांनी त्या दिवशी मान्य केले, त्यांनाच त्याच्यामागे समाज उभा ठेवता आला.